मतं मोजली तेव्हा लॉरेट भांडी घासत होती

लॉरेट तिबो भांडी घासत नाही, भांड्यांशी भांडते. ईस्ट टॅल्कटच्या शाळेत ती गेली एकोणतीस वर्षं स्वयंपाकीण आहे. तिशीच्या आतला असा एकही माणूस गावात सापडणार नाही ज्याने तिच्या हातचं खाल्लं नाही आणि तिच्या तोंडचं ऐकलं नाही. "आज गाजर ताटात टाकून उठलास तर उद्या तेच गाजर तुला भेटायला येईल," असं ती पोरांना सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच यायचं. मी पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दर मार्चमध्ये, गावाच्या सभेच्या दिवशी, तिच्या शेजारी उभी राहून भांडी पुसते. पुसलेलं भांडं ती उजेडात धरून तपासते आणि निम्मी परत माझ्याकडे फेकते. मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी आहे, पण हे तिला कोण सांगणार?

तिच्या बापाचं शेत डोंगराच्या वरच्या अंगाला होतं, कॅनडाच्या हद्दीजवळ. घरात सगळे फ्रेंच बोलायचे. सहा वर्षांची लॉरेट पहिल्यांदा या शाळेत आली तेव्हा तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मास्तरणीने चार दिवस प्रयत्न केला आणि पाचव्या दिवशी हात टेकले. तेव्हाच्या स्वयंपाकिणीने मात्र पोरीला खिडकीपाशी उभं केलं, वाटीत सूप घातलं, आणि पोरगी रिकामी वाटी पुढे करायला लागली की स्वयंपाकीण म्हणायची, "काय पाहिजे, ते बोल." लॉरेटने शिकलेला पहिला इंग्रजी शब्द 'मोअर', म्हणजे 'अजून', हा होता. तो तिने पुढे जन्मभर वापरला असं तिचा नवरा म्हणतो, पण त्याचं काय ऐकायचं.

हे सगळं सांगायचं कारण, शाळा म्हणजे लॉरेटला नुसती नोकरी नव्हती. "शाळा गेली तर गावात उरतं काय?" ती म्हणायची. "चर्च, पोस्ट आणि माझा नवरा. तिघंही अर्धा दिवस बंद."

आमच्याकडे मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडून बसतं. वर्षभराचा खर्च गावकरी स्वतःच ठरवतात, रस्त्याचा आणि शाळेचाही. बोलायचं असेल तर उभं राहायचं आणि आधी "अध्यक्षमहाराज" म्हणायचं. अध्यक्ष म्हणजे हॉलिस पाइक. एरवी तो खिळे आणि रंगाचे डबे विकतो, पण त्या दिवशी त्याची बायकोसुद्धा त्याला अध्यक्षमहाराज म्हणते. हॉलिसला कुणी कुठल्याच बाजूचा म्हणू शकत नाही. शाळेविषयी त्याला स्वतःला काय वाटतं हे त्याच्या कुत्र्यालाही माहीत नसावं.

दुपारी सभा थांबते आणि जेवण होतं. डुकराचं भाजलेलं मांस, मेपलच्या पाकात रात्रभर शिजवलेले घेवड्याचे दाणे, पाव, आणि सफरचंदाचं गोड सारण मैद्याच्या पारीत भरून भाजलेला 'पाय'. रांधणाऱ्या बहुतेक शाळेतल्या मुलांच्या आया, आणि त्यांच्यावर लॉरेट. शाळेच्या खर्चाचा विषय जेवणानंतर घ्यायचा, ही प्रथा लॉरेटनेच पाडली. पूर्वी तो सकाळी असायचा, आणि उपाशी माणसं एकेका डॉलरवरून कटकट करायची. एका वर्षी लॉरेट हॉलिसकडे गेली आणि म्हणाली, "त्यांना आधी माझ्या ताब्यात दे. भरल्या पोटाने माणसाला नाही म्हणता येत नाही." ते खरं ठरलं. तेव्हापासून शाळेचा खर्च दरवर्षी सहज मंजूर होत आला, आणि दरवर्षी तो मंजूर होत असताना आम्ही आत भांडी घासत होतो. हे कधी कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? आमच्या मताची कधी गरजच पडली नव्हती.

या वर्षी मात्र हवा वेगळी होती. शाळेत मुलं उरली होती एकतीस. पाणी तापवणारा जुना बॉयलर शेवटचे आचके देत होता. राज्याकडून येणारे पैसे आटले, त्यामुळे जमिनीवरचा कर वाढला. ऑरिन गिलफेदर, ज्याच्या गोठ्यात साठ गाई आहेत, तो हिवाळाभर घरोघरी फिरला. त्याचं म्हणणं साधं होतं. शाळेच्या खर्चाच्या ठरावाला दुरुस्ती मांडून त्यात एवढी कपात करायची की जूनमध्ये शाळा बंदच करावी लागेल, आणि मुलांना बसने डोंगरापलीकडे मार्ल्बरीच्या मोठ्या शाळेत पाठवायचं. ऑरिन वाईट माणूस नाही. तो हिशेबी आहे, आणि हिशेबी माणूस हिवाळ्यात घरात बसला की गावाला त्रास होतो.

त्या सकाळी लॉरेट पहाटेपासून कामाला लागली होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. काय चाललंय ते आम्हाला तेवढ्यावरून कळलं. जेवणाच्या खिडकीत ती स्वतः उभी राहिली आणि कुणाच्या ताटात किती पडतंय ते तिने ठरवलं. डळमळीत माणसांना पायचे दोन तुकडे. पक्क्या विरोधकांना तीन. ऑरिन समोर आला तेव्हा तिने त्याच्या ताटात पायचा एवढा मोठा तुकडा ठेवला की दाणे बाजूला सरकले.

"खा, आणि तोंड बंद ठेव," ती म्हणाली.

"दोन्ही एकदम कसं जमेल, लॉरेट?"

"तुझ्या गाईंना जमतं की."

रांगेतले हसले. ऑरिनही हसला, पण पुढे गेल्यावर त्याने मान हलवली. लॉरेटने ते पाहिलं. मीही पाहिलं.

जेवण संपलं आणि ताटांचा ढीग आत आला. आम्ही आठ बायका होतो. लॉरेटची मुलगी नोएल माझ्या बाजूला उभी होती. नोएल दवाखान्यात नर्स आहे, नवरा सोडून गेलाय, आणि एकच मुलगी, टेसा, चौथीत. नोएल स्वभावाने आईच्या उलट, मोजून बोलणारी. त्या दिवशी तर तेवढंही नाही. एकच पातेलं ती कितीतरी वेळ पुसत राहिली होती.

"भोक पाडशील त्याला," लॉरेट म्हणाली. "घाबरू नकोस. त्यांना तासभर तरी बडबडू दे. आधी रस्त्याच्या ट्रकचा विषय आहे, त्यावरच अर्धा तास जाईल. मग आपण जाऊ." मग आम्हा सगळ्यांकडे वळून, दर वर्षी सांगते तेच तिने पुन्हा सांगितलं. "मार्ल्बरीत कोण विचारतंय पोरांना? आमची टेसा रोज इथे, या स्टुलावर बसून माझ्याबरोबर जेवते. कुठल्या शाळेत असं होतं?"

"रोज," नोएल म्हणाली.

तिचा आवाज मला जरा विचित्र वाटला. पण तेवढ्यात बाहेरून हॉलिसचा हातोडा आपटला आणि त्याची हाक आली, "स्वयंपाकघरवाल्यांनो, शटर खाली घ्या! भांड्यांपुढे काही ऐकू येत नाही!"

लॉरेटने खिडकीचं शटर धाडकन खाली ओढलं आणि भांड्यांचं मशीन सुरू केलं. त्यानंतर आम्हाला एकमेकींचंसुद्धा ऐकू येत नव्हतं.

बाहेर काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. ट्रकचा विषय दोन मिनिटांत निकालात निघाला, कारण ज्याने ट्रक विकायला काढला होता त्याने तो आदल्याच दिवशी दुसऱ्याला विकला होता. लगेच शाळेचा विषय आला. ऑरिनने दुरुस्ती मांडली. चार माणसं बोलली. पाचवी उठण्याआधी मागच्या रांगेतून एक तरुण ओरडला की चर्चा पुरे, मत घ्या. नियमाने हॉलिसला आधी तेच मताला टाकावं लागलं, आणि जेवून सुस्तावलेल्या लोकांनी चर्चा बंद करायला आनंदाने हात वर केले. भरल्या पोटाने माणसाला नाही म्हणता येत नाही. मग हॉलिसने बाजू उभ्या करून मोजल्या.

आत मशीन थांबलं होतं आणि मी दुसरी खेप भरत होते, तेव्हा दार ढकलून मिस केंडल आत आली. ती शाळेतली सगळ्यात तरुण शिक्षिका. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुम्ही कुठे होतात?" ती म्हणाली.

"कुठे म्हणजे? इथेच," लॉरेट म्हणाली.

"झालं मत. सात मतांनी. शाळा गेली."

लॉरेटचे हात कोपरापर्यंत साबणात होते. तिने आम्हाला एकेक करून मोजलं, मी पाहिलं, तिचे ओठ हलले. आठ. मग तिने हात न पुसताच दार उघडलं आणि व्यायामशाळेत शिरली. आम्ही मागोमाग गेलो, अॅप्रनमध्ये, ओल्या हातांनी. नोएल सर्वांत शेवटी.

हॉलिसच्या हातात पुढच्या विषयाचा कागद होता. त्याने तोंड उघडलं होतं.

"अध्यक्षमहाराज!"

"लॉरेट, मत झालंय."

"आमचं नाही झालं."

सगळी सभा वळून बघायला लागली. हॉलिसने कागद खाली केला, पण ठेवला नाही. "नियम तुला माहीत आहे," तो म्हणाला. "पुढचा विषय सुरू होईपर्यंत फेरमत मागता येतं. पण जिंकलेल्या बाजूने ज्याने मत दिलंय त्यानेच ते मागायचं. तू तर मतच दिलं नाहीस."

"कारण मी तुझी बशी घासत होते, हॉलिस!"

दोन-चार जण हसले आणि लगेच गप्प झाले. हॉलिसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो काही कुणाच्या बाजूने वागणार नव्हता, पण त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. मी त्याला पन्नास वर्षं ओळखते. इतका सावकाश त्याने कधी काही पुसलेलं नाही.

लॉरेट रांगांकडे बघत उभी राहिली. समोर तिनेच वाढवलेली माणसं होती. कुणाला तिने तापात सूप पाजलं होतं, कुणाच्या बापाने मारलं म्हणून त्याला दुपारभर कणीक मळायला बसवलं होतं. ती नावं घेऊन एकेकाला उभं करू शकली असती. मला वाटलं आता ती सुरू करणार. तिने केलं नाही. ती फक्त उभी राहिली, आणि तिच्या कोपरावरून पाणी लाकडी जमिनीवर ठिबकत राहिलं. मला त्या माणसांची इतकी चीड आली की सांगता येत नाही. कुणी बुटांकडे बघत होतं, कुणी छताकडे.

हॉलिसने चष्मा डोळ्यांवर चढवला. कागद वर आला.

"अध्यक्षमहाराज." ऑरिन गिलफेदर उठला होता. त्याच्या मिशीला अजून पायचा कण चिकटलेला होता. "मी जिंकलेल्या बाजूचा आहे. मी फेरमत मागतो."

त्याच्या बायकोने त्याची बाही ओढली. त्याने ती सोडवून घेतली.

"मी पुन्हा तिकडेच उभा राहणार आहे," तो म्हणाला, "हे सांगून ठेवतो. शाळा आपल्याला झेपत नाही. पण बायका भांड्यांत असताना ऑरिन जिंकला, हे मला मरेपर्यंत गोठ्यात येऊन कुणी ऐकवायला नको."

"ऐकवलंच असतं," लॉरेट म्हणाली.

"माहीत आहे."

फेरमत घ्यायचं की नाही यावर हात वर झाले, आणि घ्यायचं ठरलं. गणित कुणालाही येत होतं. सात मतांचा फरक, आणि आम्ही आठजणी.

"स्वयंपाकघरातल्यांनी आधी बसून घ्या," हॉलिस म्हणाला. "तुम्ही सगळ्या उभ्याच आहात. मोजू कसं?"

भिंतीकडेला मुलांचा बाक होता. आम्ही आठजणी त्याच्यावर दाटीवाटीने बसलो, गुडघे हनुवटीला लावून. लॉरेट, तिच्या बाजूला नोएल, मग मी. लॉरेटने माझ्याकडे बघून डोळा मारला. एकोणतीस वर्षांत ती या विषयाला पहिल्यांदाच बाहेर बसली होती.

"दुरुस्तीच्या बाजूचे, उभे राहा."

खुर्च्या सरकल्या. ऑरिन उठला, त्याची बायको उठली, मागची अख्खी रांग उठली. आणि माझ्या खांद्याला लागून असलेला खांदा वर गेला. नोएल उभी राहिली होती.

लॉरेटने तिच्या अॅप्रनची दोरी खेचली. "अगं, बस! हे आपलं नव्हे," ती कुजबुजली. "होय म्हणजे बंद करायचं. आपलं नंतर आहे. बस खाली."

"मला माहीत आहे, आई," नोएल म्हणाली.

ती बसली नाही. मोजणारे दोघं रांगांमधून फिरत आमच्यापर्यंत आले, तिच्यासमोर थबकले, एकमेकांकडे बघितलं, आणि तिला मोजून पुढे गेले. लॉरेटच्या हातात दोरी तशीच होती. नोएल बसली तेव्हा कुठे तिने ती सोडली.

मग आमची बाजू उभी राहिली. लॉरेट उठली, ताठ, हनुवटी वर करून. हॉलिसने दोन्ही आकडे दोनदा ताडून पाहिले. एका मताने, तो म्हणाला. दुरुस्ती मंजूर. एकाच मताने. आणि ते कुणाचं होतं हे विचारायची सभेतल्या कुणालाच गरज नव्हती.

आम्ही आत आलो. बाकीच्या बायकांना एकदम बाहेरच्या खुर्च्या आवरायची आठवण झाली. मीही जायला हवं होतं. पण माझ्याच्याने जाववलं नाही, आणि मला कुणी जा म्हटलं नाही.

लॉरेट सिंकपाशी गेली आणि तिने नळ सोडला. पाठ आमच्याकडे. "सांगायचं तरी होतंस," ती म्हणाली.

"कधी? तू विचारलंस कधी? तू नेहमी सांगतेस, आई. विचारत नाहीस."

"सगळ्या गावासमोर."

"आत लपून बसले असते तर मला काय हवंय ते जन्मभर तूच ठरवत राहिली असतीस."

"मी तुझ्या पोरीसाठी भांडत होते!"

"चौथीत ती एकटी आहे!" नोएलचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "एकटी, कळतंय का? अख्ख्या वर्गात एक मूल. ती तुझ्याजवळ जेवते कारण तिच्याजवळ बसायला कुणी नाही. तू ते गावभर कौतुकाने सांगतेस. मी रोज विचारते, आज कुणाशी बोललीस? ती म्हणते, आजीशी. दोन वर्षं झाली. रोज हेच. आजीशी."

लॉरेटने नळ बंद केला. कोण बरोबर होतं ते मला आजही सांगता येत नाही. मी लॉरेटच्या बाजूने उभी राहिले आणि उद्या पुन्हा राहीन. पण त्या पोरीला मी पोस्टाच्या पायरीवर पाहिलंय, एकटीच दोन्ही बाजूंनी पत्ते खेळताना.

बाहेर सभा उरकत आली होती. शेवटी स्वयंपाकघराच्या आभाराचा ठराव असतो. तो दर वर्षी होतो, सगळे होय म्हणतात, टाळ्या वाजवतात आणि कोट शोधायला लागतात. शटरच्या फटीतून हॉलिसचा आवाज आला. आज ज्यांनी आपल्याला जेवू घातलं त्यांचे आभार, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणा. सगळी व्यायामशाळा होय म्हणाली, आधी कधी नाही इतक्या जोरात.

"प्रतिकूल?" हॉलिसने विचारलं, नियमाने विचारावं लागतं म्हणून.

लॉरेटने शटर एका झटक्यात वर ढकललं. "मी!"

कुणी हसलं नाही. हॉलिसने तिच्याकडे बघितलं. "एक मत प्रतिकूल," तो म्हणाला. "ठराव मंजूर." मग लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, ऑरिनसुद्धा, आणि लॉरेट खिडकीत दोन्ही हात टेकून त्या टाळ्या संपेपर्यंत उभी राहिली. मग तिने शटर खाली घेतलं, अगदी हळू.

"एका दिवसात दोनदा मत दिलं," ती मला म्हणाली. "दोन्ही वेळा हरले."

मला हसूही आलं आणि रडूही. नोएल दाराशी कोट हातात घेऊन उभी होती. जावं की थांबावं हे तिला कळत नव्हतं. लॉरेटने उरलेल्या ताटांकडे बघितलं आणि एक उचललं. ती बोलली ती ताटाकडे बघतच.

"मार्ल्बरीचा रस्ता फार वळणाचा आहे," ती म्हणाली. "टेसाला बसमध्ये ड्रायव्हरच्या लगेच मागच्या सीटवर बसव. खिडकीशी. पार मागे बसली की तिला ओकारी येते."